चवीचा वारसदार कोण?

आता आपण ‘मोंदोविनो’कडे वळू. जोनाथन नॉसिटर यांचा हा माहितीपट २००४ साली कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता. मांडणी सरळ आहे: एकीकडे बर्गंडीतल्या वोलने गावचे वृद्ध मळेवाले उबेर द मोंतिय, दुसरीकडे गाडीतून फिरत, हसत हसत सल्ले देणारे मिशेल रोलाँ. घराणं म्हणजे अस्सल, बाजार म्हणजे नक्कल.

आपल्याला हे चटकन पटतं. घराणं हा शब्दच आपल्या कानाला गोड! पण बर्गंडीतले मळे इतके छोटे का, हेही बघू. क्रांतीत मठांच्या जमिनी विकल्या गेल्या. १८०४ च्या नेपोलियन संहितेनं सगळ्या मुलांना वाटा दिला. सुमारे ५० हेक्टरच्या क्लो द वूझोला आज ८० च्या आसपास मालक आहेत. म्हणजे परंपरा नुसती मातीतून नाही, वाटण्यांतूनही आली. शिवाय मोंतियांच्या घरात बापलेकाचंच एकमत नाही. चित्रपट हे दाखवतो, पण त्यावर विचार करत नाही.

ह्यूमनं १७५७ मध्ये रुचीचा निकष शोधताना सरावलेला आणि पूर्वग्रहमुक्त परीक्षक मागितला होता. नॉसिटरांचा कॅमेरा सरावलेला आहे, पूर्वग्रहमुक्त नाही. तरी त्यांची भीती खरीच आहे. जगभर एकच चव उरली, तर तुलना कशाशी करायची? आणि तुलना संपली, की परीक्षकही संपला.