भाषिक आकडेवारी आणि संधीची विषमता : बंजारी भाषकांच्या वर्गीकरणाचा विचार

संधीची विषमता मोजावयाची तर मनुष्याच्या प्रयत्नाने घडलेला भेद आणि त्याच्या जन्माने ठरलेला भेद यांत प्रथम विवेक करावा लागतो. जॉन रोमर यांनी १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हाच विवेक पायाभूत मानला आहे. घरात कानांवर पडणारी भाषा हे जन्माने ठरलेल्या परिस्थितीचे निर्विवाद उदाहरण होय. कोणतेही मूल ती निवडीत नाही. म्हणूनच पाहण्यांतून या भाषेची नोंद कशी होते, हा केवळ भाषाशास्त्रज्ञांचा प्रश्न राहत नाही.

२०११ च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषा म्हणून १९,५६९ नावे सांगितली. छाननीअंती त्यांतून १,३६९ मातृभाषा निश्चित झाल्या आणि प्रमुख तक्त्यात १२१ भाषा उरल्या. एवढा पसारा आवरणे अपरिहार्यच होते. आक्षेप संक्षेपास नसून त्याच्या निकषास आहे. लमाणी अथवा लंबाडी सांगणारे सुमारे ३२.८ लाख आणि बंजारी सांगणारे सुमारे १५.८ लाख लोक ‘हिंदी’ या शीर्षकाखाली घातले गेले आहेत. भिली आणि खानदेशी मात्र स्वतंत्र भाषा म्हणून उभ्या आहेत. वस्तुतः ग्रिअर्सन यांनी आपल्या भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) या तिघींचा एकत्र विचार केला होता. त्यांतील एकीनेच हिंदीच्या पोटात जावे, याचे भाषाशास्त्रीय समर्थन तक्त्यात आढळत नाही. पोटभेदांचे आकडे छापले जातात हे खरे; परंतु धोरण ठरविणाऱ्याची दृष्टी बहुधा शीर्षकावरच थांबते.

याचा परिणाम तांड्यावरील मुलास भोगावा लागतो. आईला ‘याडी’ म्हणणारे मूल मराठवाड्यातील मराठी शाळेत जाते तेव्हा ते तक्त्यानुसार हिंदीभाषक, वर्गात मराठीभाषक आणि घरी या दोहोंहून भिन्न असते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी अपेक्षिते. ज्यांची भाषा दुसऱ्या नावाखाली झाकली गेली, त्यांच्यासाठी अशी सोय मागावयाची तरी कोणत्या आकड्याच्या आधारे?

शैक्षणिक पाहण्यांतही हीच उणीव निराळ्या रूपाने संभवते. २००५ साली सुरू झालेली ‘असर’ पाहणी मुलाची परीक्षा शाळेत न घेता घरी घेते; त्यामुळे शाळाबाह्य मुलेही तिच्या कक्षेत येतात, हा तिचा मोठा गुण. अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट या चढत्या पायऱ्यांवर वाचन तपासले जाते. तथापि बंजारी मूल मराठी परिच्छेदाशी अडखळले, तर त्यास वाचता येत नाही की ती भाषाच अपरिचित आहे, हे केवळ गुणांवरून सांगता येत नाही. पहिल्या निदानावर वाचनाचा अधिक सराव हा उपाय ठरतो. दुसऱ्यावर घरच्या भाषेतून मराठीकडे नेणारा शिक्षक. निदान चुकले की मुलाच्या माथी मंदबुद्धीचा शिक्का बसतो आणि पाहणीच विषमतेस हातभार लावते.

यावर उपाय कठीण नाही. घरची भाषा कुटुंबाने सांगितलेल्या नावानेच नोंदवावी. शाळेचे माध्यम वेगळे विचारावे. आणि वाचनाची पातळी या दोहोंच्या संदर्भात तालुकानिहाय मांडावी. दोन भाषांतील अंतर आणि वाचनातील तूट एकाच ठिकाणी दिसू लागली, की शिक्षक व पाठ्यसाहित्य कोठे पाठवावे याचा निर्णय अंदाजावर राहणार नाही. प्रतिष्ठेच्या भावनेने काही कुटुंबे ‘मराठी’ किंवा ‘हिंदी’ असेच उत्तर देतील, ही मर्यादा मान्य केली पाहिजे. म्हणूनच भाषेचे नाव विचारून न थांबता, आई मुलाशी कोणत्या भाषेत बोलते, हेही विचारणे इष्ट होय.

२०२१ ची लांबलेली जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भदिनाने घेण्याची अधिसूचना २०२५ साली निघाली. तिच्या तक्त्यांचे शीर्षक ठरविताना भाषाकुळाबरोबरच शाळेच्या पहिल्या बाकावरील मुलाचाही विचार व्हावा. ज्या आकड्यात ते मूल दिसत नाही, त्या आकड्यावर आधारलेले धोरण त्याच्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता फारच थोडी.