एकच प्रत

मुखपृष्ठावरून मत बनवलं तर या हस्तलिखितावर अन्याय होईल. काळ्या कार्डशीटवर पोस्टर कलरने काढलेली गिरणीची चिमणी, तिच्यातून निघणारा धूर आणि धुरातून उमटणारी शीर्षकाची अक्षरं. गिरणगावावरच्या निम्म्या पोस्टरांवर हेच चित्र असतं. संपादकीयही तसंच. 'हा अंक आपल्या हाती देताना आम्हाला अत्यंत आनंद होत आहे' या थाटाचं, बहुधा मागच्या वर्षीच्या अंकातून उचललेलं. ही दोन पानं उलटून पुढे गेलात की मात्र बसायला खुर्ची ओढून घ्या.

दादरच्या एका मराठी शाळेत नववीच्या मुलामुलींनी दहाएक वर्षांपूर्वी 'गिरणगाव' हा विषय घेऊन केलेला हा वार्षिकांक आहे. एकच प्रत. ग्रंथालयातल्या लोखंडी कपाटात, जुन्या निकालपत्रकांच्या शेजारी.

मला हा अंक आवडायला लागला तो अनुक्रमणिकेपासून. सतराव्या पानानंतर अठरावं येत नाही, १७ अ येतं. कुणाचा तरी मजकूर उशिरा आला, तोवर पुढची पानं लिहून झाली होती. छापखान्यात फर्मा बदलता येतो, संगणकावर तर प्रश्नच नाही. इथे एक पान आत सरकवायचं म्हणजे पुढच्या सगळ्या पानांचे आकडे खोडायचे, किंवा असा तोडगा काढायचा. १७ अ वर काय आहे? भाऊच्या धक्क्यावर उतरून गिरणीत लागलेल्या कोकणातल्या माणसाची आठ ओळींची हकिगत. बिनमहत्त्वाचा मजकूर असता तर संपादक मंडळाने सरळ 'आता जागा नाही' म्हणून हात झटकले असते. तसं केलं नाही, म्हणजे कुणीतरी या आठ ओळींसाठी भांडलं.

बऱ्याच शाळांत हस्तलिखिताची एक ठरलेली सोय असते: वर्गातलं सर्वांत वळणदार अक्षर ज्या मुलीचं, तिच्या गळ्यात सगळं लिखाण. अंक देखणा होतो, बक्षीसही मिळतं आणि बाकीचे पस्तीस जण नावापुरते राहतात. इथे अक्षरं किमान आठ-नऊ तरी आहेत. एक उजवीकडे झुकणारं, एक गोल गरगरीत, एकाची शिरोरेषा अर्ध्यावरच थांबणारी. निवृत्त साचेवाल्याच्या, म्हणजे मागावरच्या कामगाराच्या, मुलाखतीत तर वाक्याच्या मध्यावर हात बदलतो. उत्तराचा पहिला भाग झुकत्या अक्षरात, उरलेला गोल अक्षरात. तास संपला असेल, किंवा एकीचं बोट दुखायला लागलं असेल. पण दुसरीने पहिलीच्या शेवटच्या शब्दापासून ओळ उचलली आहे आणि दोन शब्दांतलं अंतरही तिच्याइतकंच ठेवलं आहे. दुसऱ्याच्या कामाचा मान राखणं म्हणजे काय, ते वहीतल्या निबंधात शिकवता येत नाही. इथे ते मिलिमीटरमध्ये मोजता येतं.

मुलाखतीचा पहिला प्रश्न आहे 'आपण कोणत्या वर्षी गिरणीत लागलात?' दुसरा, तिसरा याच जातीचे, फळ्यावरून उतरवून घेतल्यासारखे. आजोबाही तशीच उत्तरं देतात, वर्ष आणि पगार. पाचव्या प्रश्नाला मात्र कुणीतरी यादी बाजूला ठेवली. 'मग जेवायचात कुठे?' आणि आजोबा सुटतात. दीड पानभर खानावळ. महिन्याचा हिशेब, पाळीप्रमाणे बदलणाऱ्या पंगती, उधारी, सणाला मिळणारं गोड. मुलं तेवढ्यावर थांबली नाहीत. पुढच्या पानावर चौकटीत अन्नपूर्णा महिला मंडळाची माहिती आहे: प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अशा खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र आणून संस्था उभी केली. ही चौकट अभ्यासक्रमात नव्हती. एका भुकेच्या प्रश्नातून ती निघाली. मुलाखत घेणाऱ्याला सापडलेला धागा चौकट लिहिणाऱ्याने ओढला. माझ्या मते सगळ्या अंकातलं हे सर्वांत शहाणं वळण.

आता थिगळं. हस्तलिखितात चूक झाली की पांढऱ्या कागदाचा तुकडा चिकटवून त्यावर दुरुस्ती करतात. गिरणी संपावरच्या लेखात अशी तीन थिगळं आहेत. पान उजेडासमोर धरलं की एकाखाली १९८३ वाचता येतं. वर लिहिलंय १८ जानेवारी १९८२, आणि ते बरोबर आहे. त्या दिवशी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पण माझ्या दृष्टीने त्याहून मोलाचा आहे तो मजकूर, ज्यावर थिगळ लावलेलं नाही. एक आजोबा सांगतात, संप दीड वर्ष चालला. दुसरे म्हणतात, संप मागे घेतलाच नाही, तो अजून चालूच आहे. मुलांनी दोन्ही विधानं ठेवली आणि खाली बारीक अक्षरात टीप दिली: संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही, त्यामुळे दोघांचंही म्हणणं आम्ही तसंच दिलं आहे. चूक कोणती आणि आठवण कोणती, हा फरक त्या वयात कळणं साधी गोष्ट नाही. मोठमोठ्या गौरवग्रंथांच्या संपादकांना तो कळलेला दिसत नाही.

चित्रांत मला एकच चित्र खरं वाटलं. साच्याचं. काढणाऱ्याने चालता साचा उभ्या जन्मात पाहिलेला नाही, हे उघड आहे. तो वाढला तोवर गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले होते. त्याच्यासमोर होते फक्त आजोबांचे हवेत फिरणारे हात. म्हणून त्याने तेच काढले. दोन हात पक्क्या काळ्या शाईत, शिरा आणि नखांसकट, त्यांच्यामध्ये धोटा, आणि भोवतीचं यंत्र फिकट पेन्सिलीत, शाई न फिरवता सोडून दिलेलं. ठरवून की वेळ संपला म्हणून, ते कळायला मार्ग नाही. मला त्याची गरजही वाटत नाही. जे पाहिलं ते शाईत आणि जे ऐकलं ते पेन्सिलीत, असं पान मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

परळ-लालबागचा नकाशा पावलं मोजून केलेला आहे, तसं कोपऱ्यात नमूद केलंय. मोजणाऱ्यांच्या पावलांची लांबी सारखी नसावी, कारण गणेश गल्ली ते भारतमाता हे अंतर चिंचपोकळी स्टेशनपर्यंतच्या अंतराच्या मानाने जरा जास्तच ताणलं गेलंय. चिवडा गल्ली आणि मसाल्याची दुकानं ठळक, २०११ मध्ये झालेला उड्डाणपूल दुपानी घडीवर आल्यामुळे मध्येच मोडलेला. फिनिक्सच्या जागी 'मॉल' लिहून त्याखाली कंसात 'गिरणी'. एवढ्यावरच सोडलंय, बरं केलं.

या सगळ्याला मोठी वंशावळ आहे. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाछापावर पंचांग काढलं तेव्हा छापलं गेलं ते हाताचंच अक्षर होतं. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागराने खिळ्यांचं जे वळण मराठी डोळ्यांत रुजवलं, त्याची नक्कल सुंदर अक्षराची मुलं नकळत करतात. अंकाचा साचा, म्हणजे संपादकीय, कथा, कविता, व्यंगचित्र, हा सरळ दिवाळी अंकाकडून आलेला. ती परंपरा का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये सुरू केली. गिरगावातल्या खटाववाडीत मौजेच्या छापखान्यात मुद्रितं तपासणारी माणसं ज्या काटेकोरपणासाठी ओळखली जात, तो या अंकात नाही, आणि असावा असा हट्टही मी धरणार नाही.

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढत. तिथे शिक्षक लिहायचा आणि मुलं वाचायची. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने १९२० च्या दशकात वर्गात छोटा छापखाना आणला. मुलं आपला मजकूर स्वतः जुळवून छापत आणि छापलेली पानं टपालाने दुसऱ्या गावच्या शाळेत जात. फ्रेनेच्या मुलांना अनोळखी वाचक मिळाला. आपल्या हस्तलिखिताला तो मिळत नाही, हे त्याचं खरंखुरं उणेपण. स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणे रिबीन सोडतात, फोटो होतो आणि अंक कपाटात जातो.

आता कार्यानुभवाच्या नावाखाली काय चालतं तेही पाहावं. स्टेशनरीच्या दुकानात पाच-दहा रुपयांना चित्रांचा तयार तक्ता मिळतो, तो कापायचा, चिकटवायचा, प्रकल्पाच्या वहीवर झगमगीत कागद लावायचा. आईबाबा रात्री जागतात, गुण मुलाला. अलीकडची 'हस्तलिखितं' तर टंकलिखित असतात, फक्त मथळे हाताने. त्यांत १७ अ कधी सापडायचं नाही.

श्रेयनामावली शेवटून दुसऱ्या पानावर. लेखन, चित्रं, मुलाखती, बांधणी. मग 'आखणी', खाली तीन नावं. मग 'रेषा खोडणे', खाली दोन. प्रत्येक पानावर पेन्सिलीने समास आणि ओळी आखाव्या लागतात, शाई वाळल्यावर अक्षर न फाटता त्या खोडाव्या लागतात. हे काम नीट झालं तर दिसतच नाही. त्याचं श्रेय वेगळं द्यावं हे ज्याला सुचलं, त्याने संपादकीय का लिहिलं नाही, याची चुटपुट लागते. आखणीवाल्यांनी लेखकांनाही वठणीवर आणलेलं दिसतं: पानाला बावीस ओळी म्हणजे बावीस. भोंग्यावरच्या लेखात शेवटच्या चार ओळी मुंगीएवढ्या अक्षरांत तळाशी कोंबल्या आहेत, पण तेविसावी ओळ नाही.

अगदी शेवटी अभिप्रायांसाठी कोरी सोडलेली पानं. पाहुण्यांनी लिहिलंय 'स्तुत्य उपक्रम'. पर्यवेक्षकांनीही 'स्तुत्य उपक्रम'. तिसरा अभिप्राय थरथरत्या बॉलपेनात, खाली सही नाही: 'धोटा उलटा काढलाय. बाकी हात बरोबर.' त्याखाली झुकत्या अक्षरात, तारखेसह: 'चूक मान्य. चित्र शाईत असल्यामुळे दुरुस्ती पुढच्या अंकात.' पुढच्या वर्षी दहावी असल्याने त्या वर्गाने दुसरा अंक काढला नाही.