मेघांतील धनुष्य आणि रंगांचीं कोष्टकें : ख्रिस्ती शास्त्रांतील वर्णप्रतीकांची चिकित्सा

सचित्र ख्रिस्ती पोथ्यांविषयींच्या लेखनांत एक पद्धत वारंवार दृष्टीस पडते. प्रारंभीं रंगांचें एक कोष्टक दिलेलें असतें : तांबडा म्हणजे रक्त व प्रायश्चित्त, निळा म्हणजे स्वर्ग, जांभळा म्हणजे राजपद, हिरवा म्हणजे जीवन. मग चित्रांतील प्रत्येक रंग त्या कोष्टकांत बसविला जातो. आणि इंद्रधनुष्य आलें कीं त्याचे सात रंग मोजून सातांनाही अर्थ वांटले जातात. आधार म्हणून 'शास्त्रवचन' एवढाच मोघम उल्लेख असतो. हा आधार मूळ ग्रंथांत कितपत सांपडतो, हें पाहण्याचा येथें उद्देश आहे. आमच्या मतें तो फार थोडा सांपडतो. आणि जेथें सांपडतो, तेथें त्याचें स्वरूप कोष्टकाहून अगदीं निराळें आहे.

प्रथम धनुष्य घेऊं. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायांत जलप्रलय ओसरल्यावर देव नोहाशीं व सर्व प्राण्यांशीं करार करतो आणि मेघांतील धनुष्य ही त्या कराराची खूण ठरवितो. या सबंध प्रकरणांत एकाही रंगाचें नांव नाहीं. मूळ इब्री शब्द 'केशेत' हा असून योद्ध्याच्या हातांतील धनुष्यालाही तोच शब्द आहे. अर्थात् लेखकाचें लक्ष वर्णावर नसून आयुधाच्या आकृतीवर आहे. यहुदी भाष्यकार नाहमानिदेस (मृत्यु इ. स. 1270) यानें हें मर्म नेमकें ओळखलें होतें. धनुष्याचीं टोकें खालच्या बाजूस आहेत, स्वर्गांतून पृथ्वीवर बाण सोडण्याच्या स्थितींत तें नाहीं, म्हणून तें सलोख्याचें चिन्ह होय, हा विचार त्यानें नोंदविला आहे. सूर्यकिरण ओलसर हवेंत शिरून धनुष्य उमटतें हें ग्रीकांचें मतही त्यानें मान्य केलें, हें विशेष.

यहेज्केलाच्या पहिल्या अध्यायांत (1.28) ईश्वरी तेजाला पावसाळी दिवसाच्या धनुष्याची उपमा आहे, तेथेंही रंग सांगितलेला नाहीं. प्रकटीकरणांत देवदूताच्या मस्तकावर धनुष्य आहे (10.1); तेंही वर्णविरहित. एकट्या प्रकटीकरण 4.3 या ठिकाणीं सिंहासनाभोंवतालचें धनुष्य पाचूसारखें दिसत असल्याचें म्हटलें आहे. म्हणजे ज्या चार मुख्य स्थळांवर ही सारी इमारत उभारली जाते, त्यांपैकीं तिहींत रंग नाहीं व चवथ्यांत एकाच रत्नाची छटा आहे. सात रंग कोठेंच नाहींत. ॲरिस्टॉटल धनुष्यांत तीन मुख्य रंग मानी. सातांची गणना रूढ झाली ती न्यूटनच्या प्रकाशविषयक ग्रंथानंतर (1704). पोप थोरला ग्रेगरी (मृत्यु 604) यानें यहेज्केलावरील प्रवचनांत दोनच रंग घेतले : निळसर तो पाण्याचा, तांबडा तो अग्नीचा, एक झालेल्या प्रलयाचा साक्षी, दुसरा होणाऱ्या न्यायाचा. ही कल्पना सुंदर आहे. पण ती ग्रेगरीची आहे, मूळ ग्रंथाची नव्हे. सहाव्या शतकांतील चित्रावर अठराव्या शतकांतील सात रंग लादणें हा तर उघड कालविपर्यास होय.

शब्दांचीही एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरांत या ठिकाणीं 'तोक्सोन', म्हणजे साधें धनुष्य, हा शब्द आहे. प्रकटीकरणाचा कर्ता मात्र 'इरिस' म्हणतो, आणि इरिस ही ग्रीकांची दूतदेवता. तेवढ्यावरून त्याला ती देवता अभिप्रेत होती असें कोणी म्हणत नाहीं. मराठी वाचक 'इंद्रधनुष्य' म्हणतो तेव्हां त्याच्याही मनांत इंद्र असतोच असें नाहीं. शब्दाची व्युत्पत्ति ही प्रतीकाची साक्ष नव्हे.

आतां इतर रंग. निर्गमाच्या पंचविसाव्या अध्यायापासून निवासमंडपाच्या वर्णनांत तेखेलेत, अर्गामान व तोलाअत शानी हीं तीन नांवें एकत्र येतात. त्यांचा अनुवाद निळा, जांभळा, किरमिजी असा करतात. वस्तुतः हीं नांवें रंगलेल्या सुताचीं आहेत. पहिलीं दोन समुद्री शिंपल्यांतील प्राण्यांच्या रसानें रंगविलेलीं. तिसरें ओक वृक्षावरील किड्यापासून केलेलें. 'तोलाअत' म्हणजे कीडाच, आणि आपल्या 'किरमिजी' शब्दाच्या मुळाशींही फारसी 'किर्म', म्हणजे कृमि, आहे. हीं सुतें दुर्मिळ व मौल्यवान् म्हणून देवाच्या मंडपास योग्य. त्यांच्या वर्णाचा गूढार्थ तेथें सांगितलेला नाहीं.

कोष्टक सर्वांत उघडें पडतें तें ख्रिस्ताच्या उपहासप्रसंगीं. शिपायांनीं त्यास चढविलेलें वस्त्र मार्क व योहान जांभळें म्हणतात, मत्तय (27.28) किरमिजी म्हणतो. जांभळा म्हणजे राजपद व किरमिजी म्हणजे पाप असें धरिलें, तर एकाच वस्त्राचे दोन विरुद्ध अर्थ होतात. शिपायाचा साधा तांबडा झगा राजवस्त्राच्या नकलेसाठीं वापरला, हा सरळ अर्थ घेतला म्हणजे अडचण उरत नाहीं.

या प्रश्नाचा पोथ्यांच्या परीक्षणाशीं किती निकट संबंध आहे, हें व्हिएन्ना येथील राष्ट्रीय ग्रंथालयांतील उत्पत्तीच्या प्रसिद्ध पोथीवरून दिसेल. सहाव्या शतकांतील या ग्रीक पोथीचीं 24 पत्रें व 48 चित्रें तेथें आहेत. चर्मपत्र जांभळें, अक्षरें रुपेरी. आणि चित्रांत नोहाच्या कराराचें धनुष्यही आहे. जांभळें पत्र म्हणजे शिंपल्याचा राजरंग, राजरंग म्हणजे सम्राटाची आज्ञा, अशी अनुमानाची सांखळी सहज जुळते. परंतु अलीकडे तेथें झालेल्या रासायनिक परीक्षणांत, ज्याचा वृत्तांत 2020 मध्यें प्रसिद्ध झाला, हा रंग शिंपल्याचा नसून दगडफुलाच्या जातीच्या वनस्पतींपासून काढलेला असल्याचें आढळलें. यानें पोथीचें वैभव कमी होत नाहीं, आणि ती राजाश्रयाची नव्हती असेंही सिद्ध होत नाहीं. पण रंगावरून आश्रयदाता ठरविणारें अनुमान मात्र निराधार ठरतें.

ख्रिस्ती शास्त्रांत वर्णप्रतीकें मुळींच नाहींत, असें आमचें म्हणणें नाहीं. गणना 15.38–39 येथें वस्त्राच्या गोंड्यांतील निळें सूत आज्ञांच्या स्मरणासाठीं आहे असें स्पष्ट सांगितलें आहे, यशया 1.18 मध्यें किरमिजी रंग पापास उपमान आहे, प्रकटीकरण 19.8 शुभ्र तागाचा अर्थ स्वतःच देतें. या स्थळीं प्रतीक ग्रंथकारानेंच बांधलें आहे व तें त्या स्थळापुरतें प्रमाण आहे. तेंच उचलून दुसऱ्या स्थळीं नेणें हें कोष्टककारांचें काम.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, जुन्या सचित्र पत्राचें वर्णन लिहितांना प्रथम द्रव्य लिहावें, मग मूळ शब्द, मग त्या स्थळीं ग्रंथकारानें सांगितलेला अर्थ. आणि भाष्यकाराचा अर्थ असल्यास त्याचें नांव व काळ यांसह वेगळा लिहावा. या चार गोष्टी एकांत मिसळल्या म्हणजे पुढील अभ्यासकास त्या सोडवितां येत नाहींत. पत्रावरील रंग विटला तरी त्याचें द्रव्य तपासतां येतें. वर्णनांत एकदां शिरलेलें कोष्टक मात्र नकलेमागून नकलेंत तसेंच उतरत राहतें.