‘अस्तु’ केव्हा म्हणावे?

वृद्ध माणूस विसरू लागला की ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हसण्याची आपल्याकडे चाल आहे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ (२०१३) हा चित्रपट हे हसू ओठांवरच थांबवितो, हा त्याचा पहिला गुण होय.

चक्रपाणी शास्त्री हे संस्कृताचे व्यासंगी पंडित. स्मृतिभ्रंशाने त्यांस ग्रासले आहे. कन्येबरोबर बाहेर पडले असता रस्त्यात हत्ती दिसतो आणि ते बालकासारखे त्याच्यामागे निघून जातात. कथानक एवढेच; परंतु माहुताची पत्नी चन्नम्मा त्यांस ज्या मायेने सांभाळते, त्यात शुश्रूषेचे अर्धे शास्त्र आले आहे. ती त्यांच्या स्मरणशक्तीची परीक्षा घेत नाही, चुका काढीत नाही, वाद घालीत नाही. शास्त्रीबुवांच्या भूमिकेतील मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. त्यामुळे वेडेपणाचे सोंग कोठेही वठविलेले दिसत नाही. चन्नम्मा साकारणाऱ्या अमृता सुभाष यांस राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, ते यथायोग्यच होय.

तथापि चित्रपटाच्या नावातील स्वीकार सर्वत्र लावू पाहणाऱ्या प्रेक्षकांस आम्ही सावध करू इच्छितो. आपल्या भाषेने ‘म्हातारचळ’ व ‘वात’ असे दोन शब्द निराळे ठेवले, ते उगाच नव्हे. स्मृतिभ्रंश महिनोन्महिने, वर्षानुवर्षे वाढत जातो. वात काही तासांत वा दिवसांत उद्भवतो. सकाळी उतरतो, रात्री बळावतो. रोग्याचे लक्ष ठरत नाही. कोणी बरळतो, तर कोणी नुसता ग्लानीत पडून राहतो, आणि हे शांत रूपच बहुधा नजरेतून सुटते. लघवीतील जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, शरीरातील पाणी किंवा क्षार कमी होणे, तुंबलेली लघवी, झोपेची वा इतर औषधे, अशी त्याची कारणे असतात. आणि कारण सापडून दूर झाले, तर रोगी पुष्कळदा पूर्ववत होतो. स्मृतिभ्रंश झालेल्यासही वात होऊ शकतो, नव्हे, अधिक सहज होतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी-शेवगावकडची कर्ती माणसे ऊसतोडीस गेली की घरे म्हाताऱ्यांवर पडतात. तेथे एखादी आजी दोन दिवसांत बरळू लागली, तर ‘वय झाले’ एवढेच शेजारी म्हणतील. शास्त्रीबुवांस शोधणारी सुशिक्षित कन्या होती. या आजीची विचारपूस कोणी करावी? चित्रपट पाहून डोळे पुसणाऱ्या आपण सर्वांनी, असे आमचे उत्तर आहे. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, चालू औषधे त्यांस दाखवावी, चष्मा व कर्णयंत्र रोग्याजवळ ठेवावे, उशाशी ओळखीचे माणूस बसवावे. हातपाय बांधू नयेत आणि मनाने झोपेची गोळी देऊ नये.

स्मृतिभ्रंशापुढे ‘अस्तु’ म्हणण्यास धैर्य लागते, आणि ते या कलाकृतीने दिले. वातापुढे मात्र तोच शब्द उच्चारणे म्हणजे हाती असलेला माणूस घालविणे होय.