परतीची वाट

जुन्या गाडीचा हेडलाइट पार विझला तर त्यात फारसा रस नसतो. बल्ब उडाला असेल, फ्यूज गेला असेल, कुठे वायर तुटली असेल. टेस्ट लॅम्प लावत पुढे सरकलं की करंट जिथे संपतो तिथे बिघाड हाती लागतो. लुकलुकणाऱ्या दिव्याचं तसं नाही. गॅरेजच्या दारात तो शहाण्यासारखा जळतो आणि बालाघाटच्या वळणावर दगा देतो. बिघाड एका जागी टिकून राहत नाही, त्यामुळे पाना-पक्कड उचलण्याआधी डोळ्यांना काम करावं लागतं. नांदूरघाटला एका वायरिंगवाल्या मिस्त्रींना जुन्या प्रीमिअर पद्मिनीवर हे काम करताना पाहिलं, तेव्हा मुरलेल्या गवयाची बैठक ऐकावी तसा मी शेवटपर्यंत उभा राहिलो.

पद्मिनी तशी आपल्याच घरची गाडी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली आणि सत्तरच्या दशकात तीच गाडी पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी हळहळ छापली. केज तालुक्यासारख्या भागात मात्र एखाददुसरी पद्मिनी अजून गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली असते आणि लग्नसराईत बाहेर निघते. हीसुद्धा तशीच, एका निवृत्त गुरुजींची, नुकतीच रंगवून आणलेली, डायनामोवर चालणारी. इकडे ऊसतोडीच्या हंगामात रात्री रस्त्यावर मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या असतात. अशा रस्त्यावर हेडलाइट क्षणभर जरी गेला तरी ते हौसेपुरतं प्रकरण राहत नाही.

मिस्त्रींनी लगेच बॉनेट उघडलं नाही. आधी विचारलं, “गुरुजी, उभ्या गाडीत बी लुकलुकायलंय का, का चालतानाच?” मग, “दोन्ही बाजूचं, का एकाच?” आणि तिसरा प्रश्न, “मीटरमधला दिवा बी संगच कमी व्हायलाय का?”

हे तीन प्रश्न एका मांडणीने येतात आणि प्रत्येक प्रश्न गाडीचा एकेक भाग शोधातून बाद करतो. लुकलुक इंजिनाच्या वेगाबरोबर कमीजास्त होत असेल आणि सगळेच दिवे एकदम मंदावत असतील, तर संशय डायनामोवर, त्याच्या कार्बनवर, नाहीतर कटाऊटच्या पॉइंटवर जातो. खड्ड्यागणिक होत असेल तर कुठेतरी जोड सैल आहे. घड्याळ लावल्यासारखी, ठरावीक अंतराने दिवे जात-येत असतील तर तो प्रकार वेगळाच. काही जुन्या अमेरिकी गाड्यांत हेडलाइटच्या वाटेवर तापून वाकणारी दुहेरी धातूची पट्टी बसवलेली असते. करंट वाढला की ती वाकून वाट तोडते, थंड झाली की पुन्हा जोडते. तिथे पट्टीला दोष देऊ नये. ती कुठल्या तरी शॉर्टची चुगली करत असते. आणि दोन्ही दिवे एकदम लुकलुकत असतील तर दोघांच्या सामाईक वाटेवर, म्हणजे बॅटरी, स्विच किंवा डिप्परमध्ये शोधावं. एकच असेल तर त्या बाजूचा होल्डर, फ्यूज आणि अर्थ, एवढंच उरतं.

गुरुजींचं उत्तर होतं: डावाच, आणि बहुतेक गचका बसल्यावर. शोधाचं क्षेत्र हातभर झालं.

यानंतरची चाल माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वांत सुंदर. मिस्त्रींनी हेडलाइट चालू ठेवून डावा इंडिकेटर लावला. इंडिकेटर उघडझाप करू लागला आणि त्याच्या तालावर डावा हेडलाइटही मंद-तेज, मंद-तेज होऊ लागला. मिस्त्री नुसतं “हं” म्हणाले.

यात काय घडलं ते समजलं की गंमत वाढते. जुन्या गाडीत दिव्याकडे जाणारा करंट वायरीतून येतो, पण परत बॅटरीकडे जातो तो गाडीच्या पत्र्यातून. एका बाजूचे दोन-तीन दिवे पुष्कळदा एकाच स्क्रूखाली पत्र्याला जोडलेले असतात; हा जोड म्हणजेच अर्थ. तो जोड खराब झाला की सगळ्यांना परतीची एकच अरुंद वाट उरते. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब तिच्यात शिरला की हेडलाइटचा करंट अडतो. जोड पुरता सुटला तर करंट शेजारच्या दिव्याच्या तारेतून उलटा वाट काढतो. मग डिपवर असतानाही मीटरमधली हाय बीमची निळी बत्ती हलकीच उजळते. भुताटकी वाटावी असा हा प्रकार, पण त्यामागे ओमचा १८२७ सालचा नियम आहे, दुसरं काही नाही.

आकडे सांगतो, कारण इथे ते फार छोटे आणि म्हणूनच फसवे आहेत. १२ व्होल्टवर ६० वॉटचा बल्ब ५ अँपिअर घेतो. जोडात ०.२ ओहमचा अडथळा असला तरी एक व्होल्ट तिथेच खर्च होतो. बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीन घातांनी बदलतो, त्यामुळे एका व्होल्टपायी जवळपास पाव उजेड जातो. मल्टिमीटर घेऊन, दिवा बंद करून, वायर ‘चालू’ आहे की नाही एवढंच पाहणाऱ्याला यातलं काही कळत नाही. मीटर चाचणीला अगदी क्षीण करंट सोडतं आणि तो गंजलेल्या जोडातूनही खुशाल निघून जातो. परीक्षा जळत्या दिव्यावर घ्यायची: मीटरचं एक टोक दिव्याच्या अर्थला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. पाव व्होल्टच्या आत काटा राहिला तर जोड ठीक समजावा.

मिस्त्रींकडे मीटर होतं, पण त्यांनी ते पेटीतच राहू दिलं. बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक जाड वायर ओढली आणि दिव्याच्या अर्थला टेकवली. डावा दिवा जागच्या जागी पांढरा झाला. वायर काढली, पुन्हा पिवळा. निदान सिद्ध करायला याहून कमी हालचाल शक्य आहे असं मला वाटत नाही.

स्क्रू उघडला तेव्हा कारण दिसलं. रंगाऱ्याने सुटे भाग न काढता रंग मारला होता आणि अर्थचं थिंबल रंगाच्या थरावर आवळलेलं होतं. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर घातला, स्क्रू करकचून आवळला आणि वरून व्हॅसलीन चोपडलं. व्हॅसलीन वरून, आत नव्हे. ते ओल अडवायला असतं. उजव्या दिव्याची काही तक्रार नव्हती, तरी त्याचाही स्क्रू उघडून तेच केलं.

या दुखण्यावर लोक सहसा काय करतात तेही नोंदवायला हवं. पहिला उपाय १०० वॉटचा हॅलोजन. म्हणजे आजारी जोडातून आणखी करंट आणि होल्डर वितळायची सोय. दुसरा रिले. रिले ही चांगली वस्तू आहे, जुन्या स्विचवरचा भार ती खरोखर उतरवते. पण ती दिव्याकडे जाणारी वाट रुंद करते, परतीची नाही. विलायती हौशी मंडळी गाड्यांचं विजेचं सामान बनवणाऱ्या ल्युकस कंपनीच्या जोसेफ ल्युकसला गमतीने ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणतात. त्या बदनामीतला मोठा वाटा गंजलेल्या अर्थचा असावा, असा माझा संशय आहे.

गुरुजींची एक शंका राहिली होती. गाडी उभी असली, इंजिन हळू चालत असलं की दोन्ही दिवे थोडे बसतात. तेवढं घालवता येईल का? अल्टरनेटर बसवून देणारे पुष्कळ आहेत आणि ते काम पैशाचंही आहे. मिस्त्रींनी अ‍ॅक्सिलरेटर दाबून दाखवला, दिवे सरळ वर आले, कुठेही थरथर नाही. “डायनामो हाय गुरुजी, एवढं व्हायचंच,” ते म्हणाले, आणि बॉनेट लावून घेतलं.