फिक्या निळ्याची नजाकत

रेडिएशनचा प्लॅन संगणकावर उघडला की नजर आधी लाल रंगावर जाते. लाल म्हणजे पूर्ण डोस: गर्भाशयमुखाची गाठ, तिच्या भोवतालचा भाग, जवळच्या लसिकाग्रंथी. तो लाल पट्टा नेमका बसलाय ना, हे डॉक्टर आधी पाहतात आणि पाहायलाच हवं. पण प्लॅन करणाऱ्याचा हात किती तयार आहे हे जोखायचं असेल, तर कडेच्या फिक्या निळ्याकडे, म्हणजे कमी डोसच्या भागाकडे वळावं. कंबरेच्या हाडांवर तो कुठे पसरलाय, कुठे अडवलाय आणि कुठे नाइलाजानं जाऊ दिलाय, यात खरी कारागिरी दिसते.

हाडांचं एवढं अप्रूप कशासाठी? प्रौढ बाईच्या शरीरात रक्त तयार करणारी जी जिवंत अस्थिमज्जा असते, तिचा ४० टक्क्यांच्या आसपास हिस्सा कंबरेच्या हाडांत आणि कण्याच्या खालच्या मणक्यांत असतो. म्हणजे गाठीच्या अगदी शेजारी. त्यात दर आठवड्याला सिस्प्लॅटिनची केमो, आणि तीही रक्ताच्या पेशींवरच उठते. केमो वगळावी म्हटलं तर टाटा मेमोरियलचा पुरावा समोर येतो. श्यामकिशोर श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांनी २००३ ते २०११ या काळात ३-बी टप्प्यातल्या ८५० स्त्रियांवर चाचणी केली. पाच वर्षांनी नुसत्या रेडिएशनच्या गटात ४६ टक्के, तर सिस्प्लॅटिनची जोड मिळालेल्या गटात ५४ टक्के स्त्रिया हयात होत्या. तेव्हा केमो हवीच, आणि ती अनेकदा अडते ती पेशींपाशी. कोल्हापुरात राजारामपुरीच्या गल्ल्यांत सकाळच्या वेळी गडहिंग्लज, चंदगड, निपाणीकडची माणसं लॅबच्या बाकांवर बसलेली दिसतात. ‘पेशी किती आल्या?’ या त्यांच्या साध्या प्रश्नाचं थोडंफार उत्तर कित्येक दिवस आधीच, प्लॅन आखताना लिहून झालेलं असतं.

ते लिहिणं सुरू होतं रेघेपासून. सीटी स्कॅनच्या एकेका कापावर हाडाची हद्द आखायची. वाचकाला वाटेल, यात काय कौशल्य? पण हाडाची बाहेरची कड आखायची की आतली, मज्जा असलेली पोकळी? कड ठळक दिसते, काम पटकन उरकतं. पण मग टणक कवचही मज्जेच्या हिशेबात धरलं जातं. पोकळी आखली तर हिशेब मज्जेच्या जवळ जातो, मात्र वेळ खातो आणि माणसागणिक रेघ थोडी हलते. टाटाच्याच उमेश महांतशेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली या दोन रेघा शेजारीशेजारी ठेवून रक्तावरच्या परिणामांशी ताडून पाहिल्या. एका रेघेच्या जाडीचा एवढा विचार कुणीतरी केला, याचंच मला कौतुक वाटतं.

पुढची खुबी अशी की हा खेळ मोठ्या डोसचा नाहीच. बाहेरून द्यायचे शेक म्हणजे बहुधा २५ दिवसांत ४५ ग्रे. मज्जा मात्र १० ग्रेलाच हबकते. लॉरेन मेल आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ३७ रुग्णांची आकडेवारी मांडली. ज्यांच्या कंबरेतल्या मज्जेच्या ९० टक्के किंवा अधिक भागाला १० ग्रे किंवा त्याहून जास्त डोस मिळाला होता, त्यांच्यात केमो रोखावी लागण्याचं प्रमाण ४७.४ टक्के होतं. त्याहून कमी भाग सापडलेल्यांत १६.७. पुढे त्यातूनच प्लॅनिंगची मर्यादा ठरली: १० ग्रे ९० टक्क्यांपेक्षा कमी मज्जेला, २० ग्रे ७५ टक्क्यांपेक्षा कमी मज्जेला. आता यातली मेख बघा. पूर्वीच्या चार बाजूंच्या चौकोनी पद्धतीपेक्षा आजचं आयएमआरटी, म्हणजे किरणांची तीव्रता जागोजागी बदलणारं तंत्र, लाल पट्टा देखणा कोरतं खरं, पण किरण अनेक दिशांनी येत असल्यामुळे फिकं निळं पाणी दूरवर पसरवतं. यंत्राला मज्जेबद्दल मुद्दाम बजावलं नाही, तर ते सुबक प्लॅन करून देईल आणि तिसऱ्या आठवड्यात पेशी कोसळतील.

बजावायचं तरी कसं? अल्लादियाखाँसाहेबांच्या कोल्हापुरात हे सांगायला रागशास्त्राइतकी सोयीची भाषा नाही. मज्जा इथे वर्ज्य स्वर होऊ शकत नाही. किरण तिच्यातून जाणारच. तिला द्यायचं ते अल्पत्व, म्हणजे रागात कमी वापरायच्या स्वराचं स्थान. शास्त्रकारांनी त्याचेही दोन प्रकार केलेत, आणि चांगल्या प्लॅनमध्ये दोन्ही दिसतात. कंबरेवर हात टेकला की हाताला लागतो तो हाडाचा रुंद पंख गाठीपासून बराच लांब. किरणांचे कोन थोडे बदलले, यंत्राच्या टंगस्टनच्या पात्या वेळेवर मिटल्या, की त्याला ओलांडून जाता येतं. हे लंघन. त्रिकास्थीचं, म्हणजे कण्याच्या तळाच्या हाडाचं, तसं नाही. तिच्या अंगालगतच ज्या ग्रंथींना पूर्ण डोस हवा त्या बसलेल्या. तिथे स्पर्श अटळ, फक्त मुक्काम करायचा नाही. हा अनभ्यास. पडद्यावर त्रिकास्थीच्या पुढच्या कडेला रंग दाट असतो आणि बोटभर मागे सरकताच एकदम उतरतो. तो उतार पाहावा आणि मनातल्या मनात दाद द्यावी.

मज्जेला सांभाळताना आतड्यावर भार जाऊ शकतो, हेही विसरायचं नाही. टाटामध्येच सुप्रिया चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली शस्त्रक्रिया झालेल्या ३०० स्त्रियांवर झालेल्या पार्सर चाचणीत आयएमआरटीमुळे आतड्याचे उशिरा होणारे त्रास तीन वर्षांत ४२.४ टक्क्यांवरून २१.१ वर आले. ही कमाई मज्जेपायी उधळली तर काय साधलं? आणि मज्जेचा आकडा ९० च्या आत बसवण्यासाठी ग्रंथींचा डोस कुरतडला असेल, तर तो प्लॅन मी सरळ नापास करीन. पेशी टिकल्या म्हणून आयुष्य वाढतं, असं अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. गाठीला डोस कमी पडला तर मात्र ती परत येते.

पेट स्कॅनचा हात धरला तर आणखी बारकाईनं जाता येतं. सगळी मज्जा सारखी कामसू नसते. कुठली खरोखर राबतेय ते स्कॅनवर उजळून दिसतं, मग तेवढीच जपायची. ८३ रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत असा पेट-आधारित प्लॅन मिळालेल्यांत न्यूट्रोफिल गंभीररीत्या घसरण्याचं प्रमाण ८.६ टक्के होतं, इतरांत २७.१. गट छोटे होते, तरी फरक नजरेत भरणारा. पेट परवडत नसेल तिथे सीटीवरची रेघ आणि जाणता हात यांवर भागवावं लागतं, आणि बरंच भागतंही.

मग शेक सुरू झाले की दर आठवड्याचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. साधारणपणे न्यूट्रोफिल दीड हजारांवर आणि प्लेटलेट एक लाखावर असले की पुढची केमो लागते. नसले तर ती आठवडाभर पुढे ढकलता येते. शेकांना तशी सूट सहसा नसते, कारण बाहेरचे शेक आणि नंतरची ब्रॅकीथेरपी मिळून सगळं आठ आठवड्यांत आटपायचं असतं. ब्रॅकीथेरपीत किरणांचा उगमच गाठीत नेऊन ठेवतात. अंतर दुप्पट झालं की डोस साधारण चौथाईवर येतो, त्यामुळे हाडांपर्यंत फारच थोडं पोचतं आणि तिथे मज्जेसाठी वेगळी कसरत करावी लागत नाही.