मानवतचे खून आणि कलेचे न्यायासन

‘मानवत मर्डर्स’ ही मालिका मिठबावच्या आमच्या घरी पाहून संपली, तेव्हा शेजारचे एक वृद्ध गृहस्थ जागचे न हलता म्हणाले, “खऱ्यातल्या त्या दोघांचा मगे काय झाला?” ते सुटले, असे आम्ही सांगितले. “मगे ह्ये खून करून घेतले कोणी?” या दुसऱ्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. तोच प्रश्न या कलाकृतींच्या परीक्षणाचा खरा आरंभ होय, असे आम्हांस वाटते.

परभणी जिल्ह्यातील मानवत या लहानशा गावी नोव्हेंबर 1972 पासून जानेवारी 1974 पर्यंत लहान मुली व स्त्रिया एकामागून एक मारल्या गेल्या. दुष्काळाने आधीच गांजलेला तो प्रदेश भयाने गोठून गेला. गुप्तधन हाती यावे, संतती व्हावी, यासाठी हे बळी दिले गेले, असा आरोप होता. 1968 साली रामन राघवच्या प्रकरणात नाव मिळवलेले रमाकांत कुलकर्णी यांना तपासासाठी मुंबईहून पाचारण करण्यात आले. खटला चालला, काहींना फाशीची शिक्षा झाली. परंतु ज्यांच्या इच्छेखातर हे सारे घडले असा आरोप होता, ते उभयता अखेर पुराव्याच्या अपुरेपणामुळे सुटले. गुन्ह्यात सामील असलेल्याच्या साक्षीस स्वतंत्र दुजोरा हवा, हा न्यायालयांचा जुना दंडक आहे आणि तो योग्यच आहे. म्हणून हात सापडले. ते हलविणारे मस्तक कोणाचे, हे कायद्याच्या दप्तरी कोरेच राहिले.

ही कोरी जागा कलावंताने कशी हाताळावी? 1981 साली विजय तेंडुलकरांच्या लेखणीतून व अमोल पालेकरांच्या दिग्दर्शनाखाली ‘आक्रीत’ हा मराठी चित्रपट आला. त्याने मूळ माणसांची नावे टाकून मुकुटराव व रूही ही पात्रे निर्माण केली. वरवर पाहता ही केवळ सावधगिरी वाटेल; वस्तुतः तीत विवेक आहे. नावे बदलताच कोणा जित्याजागत्या व्यक्तीस दोषी ठरविण्याचा भार कथेवरून उतरला आणि ती मनाच्या अंधारात उतरण्यास मोकळी झाली. वय उतरत चाललेल्या, पुरुषाचा आधार सुटेल या धास्तीने ग्रासलेल्या स्त्रीचे भय आपण तेथे पाहतो. राक्षस दिसत नाहीत, माणसे दिसतात. आणि त्यामुळेच अंगावर काटा येतो.

आशिष बेंडे यांनी दिग्दर्शित केलेली व ऑक्टोबर 2024 मध्ये प्रसिद्ध झालेली मालिका कुलकर्णींच्या आत्मकथनावर आधारलेली आहे. आशुतोष गोवारीकरांचा संयत तपास-अधिकारी, मकरंद अनासपुरे व सोनाली कुलकर्णी यांचा परिचित प्रतिमेहून वेगळा अभिनय, काळाचा व गावाचा जपलेला आभास, हे तिचे गुण आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु तपास करणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहू लागले की प्रत्येक धागा गुन्हेगारापाशी नेणारा भासतो. पोलिसांची खात्री ही पोलिसांचीच असते. ती न्यायालयाचा निर्णय नव्हे. मूळ नावे ठेवून ही खात्री प्रेक्षकाच्या पदरी घातली, की न्यायासनाने सोडलेल्यास दिवाणखान्यात बसलेली मंडळी शिक्षा फर्मावतात.

महाराष्ट्रास हा अनुभव नवा नाही. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. आनंदीबाईने ‘ध’चा ‘मा’ केला, या गोष्टीस भक्कम आधार नसताही ती घरोघरी सत्य म्हणून वावरते. खाडिलकरांच्या 1909 च्या ‘भाऊबंदकी’त या वधानंतरचा संघर्ष प्रभावीपणे उभा राहतो हे निर्विवाद, तथापि रंगभूमीने व कथेकऱ्यांनी एका स्त्रीच्या कपाळी लावलेला डाग अडीचशे वर्षांनीही पुसला गेलेला नाही. कलेचा निकाल फिरविणारे वरिष्ठ न्यायालय नसते, हे कलावंताने विसरता कामा नये.

मग कलेने गप्प बसावे काय? मुळीच नाही. खून कोणी करविले हा प्रश्न न्यायालयाचा. असले खून करावेसे वाटण्याइतकी श्रद्धा कोणत्या मातीत रुजते, हा प्रश्न कलेचा. त्यासाठी मराठवाड्याकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. येथे गजबादेवीच्या पायथ्याशी समुद्र गर्जत असतो, आम्ही देवापुढे गाऱ्हाणे घालतो, राखणदाराला नारळ देतो. ती श्रद्धा निरुपद्रवी आहे, भयात धीर देणारी आहे. पण नारळाच्या जागी दुसऱ्याचे लेकरू दिसू लागते तो क्षण कोणता, ती सीमारेषा कोठे असते, हे दाखविणे कादंबरीकाराचे व नाटककाराचे काम आहे. नरबळी व जादूटोणा यांविरुद्ध कायदा करण्यास महाराष्ट्राला 2013 साल उजाडावे लागले, यावरून ही सीमा किती अस्पष्ट आहे ते कळून येईल.

‘आक्रीत’ने त्या सीमेकडे पाहण्याचे धैर्य दाखविले, मालिकेने गुन्हेगार शोधण्याचे समाधान दिले. आमच्या वृद्ध शेजाऱ्यांना मात्र ते समाधान पुरले नाही. निघताना त्यांनी दाराशी थांबून, मारल्या गेलेल्या मुलींची नावे काय होती, असे विचारले. आम्हांपैकी एकालाही ती आठवेनात.